कावळेसादच्या दरीत कोणी उतरावे?

आंबोलीच्या परिसरात शोध आणि बचाव म्हणजे बहुतेक वेळा दरीचे काम. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा घाटरस्ता इथेच माथ्यावर येतो. कावळेसाद, महादेवगड, शिरगावकर पॉइंट ही सगळी ठिकाणे कड्यावरची. तिथे घाटमाथा संपतो आणि कोकण शेकडो फूट खाली दिसते. अर्थात दिसले तर. वर्षा पर्यटनाची गर्दी लोटते ती याच कड्यांवर, आणि धुके सर्वांत दाट असते तेही याच दिवसांत.

कोणी दरीत पडल्याची खबर आली की पोलिसांबरोबर सर्वांत आधी पोहोचतात ते आसपासच्या गावांतले तरुण. सांगेलीच्या बाबल आल्मेडा यांची टीम आणि आंबोलीची स्थानिक रेस्क्यू टीम ही नावे सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांच्या वाचकांना ओळखीची आहेत. कोल्हापूरची ‘हिल रायडर्स’, लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ या संस्थाही सह्याद्रीत हेच काम करतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून उभे राहिले. त्याची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात आहे. तिथून आंबोलीपर्यंतचे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते. दल कितीही तत्पर असले तरी पहिले सहा-सात तास स्थानिकांच्याच हातात असतात, आणि जखमी माणूस जगतो की जातो हे बहुधा त्याच तासांत ठरते.

हे काम कसे करावे याबद्दल दोन मते नेहमी समोरासमोर येतात. एक दरी पायाखाली घातलेल्या वाटाड्याचे, दुसरे दोरांचे शिक्षण देणाऱ्या प्रशिक्षकाचे. पुढे ती त्या दोघांच्या तोंडून मांडली आहेत. माणसे प्रातिनिधिक आहेत, वाद मात्र खरा आहे.

“सर, खाली माणूस ओरडत असेल तर वर बक्कल तपासत बसायचे का?” वाटाड्या विचारतो.

“बसायचे, दादा. तेही दोनदा. एकदा स्वतः आणि एकदा जोडीदाराकडून.”

“तोवर तो गेला म्हणजे?”

“आणि घाईत उतरलेला तुमचा मुलगा घसरला म्हणजे? मग दरीत दोघे होतील आणि वर असलेली माणसे दोघांत वाटली जातील.”

प्रशिक्षकाचा आग्रह समजायला दोराचे काम जवळून पाहावे लागते. बचावासाठी वापरला जाणारा दोर कमी ताणला जाणारा असतो. आत समांतर धाग्यांचा गाभा आणि बाहेर विणलेले कवच अशी त्याची रचना असते. अकरा मिलिमीटर जाडीचा चांगला दोर नवा असताना सुमारे तीन हजार किलो भार सोसतो. आकडा मोठा दिसतो, पण गाठ मारली की ताकद घटते, नायलॉन भिजले की आणखी घटते, आणि आंबोलीच्या जांभ्याची खरबरीत कडा तर दोराची शत्रूच. भाराखाली ताणलेला दोर त्या कडेवर आडवा सरकत राहिला तर कवच फाटून गाभा उघडा पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून कडेवर रोलर किंवा जाड आवरण ठेवतात. काहीच नसेल तर दुमडलेले गोणपाटही चालते. ते जागचे हलू नये म्हणून वेगळे बांधावे लागते, आणि त्यावर नजर ठेवायला एक माणूस फक्त तेवढ्याच कामाला लावावा लागतो.

दोर बांधायचा कशाला, हा त्याच्याही आधीचा प्रश्न. आंबोलीच्या जंगलात अंजन आणि जांभूळ भरपूर. जिवंत, जाड बुंध्याचे, मुळे खडकात शिरलेले झाड उत्तम. पण जांभ्यावरचा मातीचा थर पातळ असतो आणि चार महिन्यांच्या पावसात तो भिजून सैल होतो. त्यामुळे एका झाडावर विसंबत नाहीत. दोन झाडांना पट्ट्या घालून त्या एका बिंदूत आणतात. दोन पट्ट्यांमधला कोन साठ अंशांचा असेल तर प्रत्येकीवर भाराचा साधारण ५८ टक्के वाटा येतो. तोच कोन १२० अंशांवर गेला तर प्रत्येक पट्टीवर पूर्ण भार येतो, म्हणजे दोन झाडे वापरूनही भार काही वाटला जात नाही. डोळ्यांना दोन्ही बांधण्या सारख्याच भक्कम दिसतात. फरक शिकलेल्यालाच कळतो.

वर ओढण्याचे गणितही असेच. जखमी, त्याचे स्ट्रेचर आणि सोबत लटकणारा मदतनीस मिळून १७० किलोच्या आसपास भार होतो. कप्प्यांची तीनास एक अशी रचना केली तर कागदावर ५७ किलो ओढावे लागतात. प्रत्यक्षात कडेवरचे आणि कप्प्यांतले घर्षण त्यात भर घालते. शिवाय माणूस एक मीटर वर यायला दोर तीन मीटर ओढावा लागतो. शंभर मीटरच्या दरीतून तीनशे मीटर दोर, तोही चिखलात पाय रोवून, काही हातांच्या अंतराने थांबत, प्रत्येक वेळी दोर पकडणारे साधन पुढे सरकवत. आठ-दहा जण लागतात आणि हुकूम एकाचाच चालावा लागतो. अशा वेळी ज्याला आवाज चढवायची सवय आहे तो नाही, तर ज्याला थांबवायचे कळते तो प्रमुख असावा, असे प्रशिक्षक सांगतो. इथे वाटाड्याही मान डोलावतो.

“पण सर, तुमचा दोर जिथे सोडायचा ती जागा कोण दाखवणार?” त्याचा प्रतिप्रश्न येतो. “धुक्यात डोळे कामाक येनत नाय, कानच कामाक येतत.”

या वाक्यात आंबोलीतल्या शोधकार्याचा अर्धा भाग आहे. पावसाळी दिवसांत दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. ड्रोन उडवला तरी पडद्यावर पांढरेच दिसते. तेव्हा आवाजावर काम चालते. ठरावीक मिनिटे सगळ्यांनी गप्प राहायचे, एकाने हाळी द्यायची किंवा शिट्टी वाजवायची आणि पुन्हा ऐकायचे. डोंगरातली आंतरराष्ट्रीय खूण मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर विश्रांती अशी आहे. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे. अडकलेल्याचा आवाज कड्यावर आपटून भलत्याच बाजूने येतो, म्हणून दोन माणसांना दोन वेगळ्या जागी उभे करून दोघांनाही दिशा दाखवायला सांगतात. दोन्ही दिशा जिथे मिळतात तिथे शोध सुरू होतो. मोठ्या पावसात धबधब्यांच्या आवाजाने हेही जमत नाही. मग पाऊस ओसरण्याची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

वाटाड्याकडे याहून जुने ज्ञान असते. वरून पडलेली वस्तू कोणत्या घळीत अडकते, कोणता व्हाळ रात्रीत फुगतो, कोणती वाट खालून, शिरशिंग्याच्या बाजूने, वर चढते हे त्याला नकाशा न उघडता माहीत असते. अनेकदा वरून दोर सोडण्यापेक्षा खालून चढत जाणे जास्त सुरक्षित ठरते, आणि हा निर्णय पुण्याहून आलेल्या माणसाला पहिल्या तासात घेता येत नाही. कारवीला हात घालून तोल सावरायचा नाही, ती भरदार दिसते पण उपटून हातात येते, हेही त्यानेच सांगावे. हाताच्या उंचीच्या फांदीवर पावसाळ्यात चापडा बसलेला असतो. भारतात सर्रास मिळणारे सर्पविषावरचे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी बनते. चापडा त्यात नाही. तेव्हा फांदी धरण्याआधी ती पाहणे हाच उपाय.

“हे सगळे मला मान्य आहे,” प्रशिक्षक म्हणतो. “म्हणूनच मी म्हणतो, दादा, तुम्ही वर थांबा आणि वाट दाखवा. तुमच्यासारखा माणूस दोराच्या टोकाला लटकवणे ही उधळपट्टी आहे.”

वाटाड्याला हे पटत नाही, आणि त्याच्या नकाराला कारण आहे. खाली पोहोचल्यावरची पाच मिनिटे सगळ्यांत अवघड असतात आणि तिथे दरी ओळखणारा माणूस लागतो. जखमीला उठवून बसवणे ही बघ्यांची पहिली ऊर्मी असते, तीच त्याला आयुष्यभर अपंग करू शकते. उंचावरून पडलेल्या प्रत्येकाचा मणका दुखावला आहे असे धरूनच त्याला हलवायचे. आधी रक्तस्राव थांबवायचा, श्वास पाहायचा, मग मान स्थिर करायची. त्यानंतर येते थंडी. आंबोलीत बर्फ पडत नाही म्हणून कोणी ती मनावर घेत नाही, पण ओले कपडे, वारा आणि तासन् तास न हलणारे शरीर एवढे पुरते. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की माणूस बरळू लागतो, मग शांत होतो. ती शांतता म्हणजे सुधारणा नव्हे. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळणे, वर प्लास्टिकचा कागद, खाली पाठीला काहीतरी जाड, एवढ्यावर कितीतरी जीव तग धरतात.

खरा वाद पेटतो तो मृतदेहांवरून. ३१ जुलै २०१७ रोजी कावळेसाद येथे संरक्षक कठडा ओलांडून मद्यपान करणारे दोन तरुण दरीत कोसळले. त्याची चित्रफीत देशभर फिरली. नंतर काय झाले ते तेवढे फिरले नाही. धुके आणि पाऊस हटत नव्हता, वाऱ्याने दोर स्थिर राहत नव्हते, शोध थांबत आणि पुन्हा सुरू होत राहिला. मृतदेह वर यायला काही दिवस लागले.

“यातला एकही दिवस जिवंत माणसाला वाचवण्याचा नव्हता,” प्रशिक्षक म्हणतो. “मेलेल्यासाठी जिवंताला दरीत सोडणे मला मान्य नाही. पाऊस थांबेपर्यंत थांबावे.”

“सर, तुम्ही त्याच्या आईला वर कठड्यापाशी बसलेली बघितली नसेल.”

“आईच्या दुःखासाठी दुसऱ्या आईला त्याच कठड्यापाशी बसवायचे का?”

वाटाड्या या प्रश्नाला थेट उत्तर देत नाही. तो व्यवहाराचे बोलतो, आणि त्याचे म्हणणे भावनेपेक्षा वजनदार आहे. मृतदेह मिळाला नाही तर पोलिसांना पंचनामा पुरा करता येत नाही, शवविच्छेदन होत नाही, मृत्यूचा दाखला अडतो. बेपत्ता माणूस मृत आहे असे कायद्याने गृहीत धरायला सर्वसाधारणपणे सात वर्षे जावी लागतात. तोवर विमा, बँकेतली ठेव, सातबाऱ्यावरचे नाव, विधवेचे निवृत्तिवेतन, सारे अडकून पडते. गरीब घराला मृतदेह मिळणे म्हणजे अंत्यसंस्काराबरोबरच पुढच्या सात वर्षांचा भात. दरीत उतरणाऱ्या गावच्या मुलांना हे कोणी समजावून सांगावे लागत नाही; त्यांच्या शेजारच्या घरात ते घडलेले असते.

तरीही प्रशिक्षकाच्या बाजूने एक गोष्ट जास्त भरते: वेळ. मृतदेह थांबू शकतो, जखमी थांबू शकत नाही. म्हणून दोन्ही कामांसाठी धोक्याची मर्यादा वेगळी ठेवणे हेच योग्य. जिवंत माणूस खाली असल्याची शक्यता असेल तर पाऊस चालू असतानाही उतरावे लागते; ती शक्यता संपली की उजेड, दृश्यमानता आणि वारा तिन्ही अनुकूल होईपर्यंत थांबावे. ही शक्यता संपली असे ठरवण्याचा भार मात्र टीमच्या प्रमुखावर एकट्यावर पडू नये. तो डॉक्टर, पोलीस आणि प्रशासन यांनी मिळून उचलावा आणि निर्णय नातेवाइकांना तिघांपैकी एकाने सांगावा.

महाराष्ट्राने हा निर्णय अगदी अलीकडे, फार मोठ्या प्रमाणावर घेतलेला पाहिला आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. यंत्रे नेता आली नाहीत आणि माणसे निसरड्या पायवाटेने चढून हातांनी माती उपसत राहिली. त्या चढणीवर अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू आला. २३ जुलै रोजी शोध थांबवण्यात आला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ढिगारा पुन्हा सरकण्याचा धोका होता, दुर्गंधी पसरली होती. तो निर्णय कठोर होता आणि बरोबर होता. चार दिवस माती उपसणाऱ्या जवानांनी तो ऐकताना काय सोसले असेल याचा विचार शौर्याच्या गोष्टी सांगणारे क्वचित करतात.

२८ जुलै २०१८ चे आंबेनळी घाटातले काम याच्या उलट टोकाचे. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरजवळ दरीत गेली. बसमधला एकच जण वाचला आणि त्यानेच वर येऊन खबर दिली. महाबळेश्वर आणि पोलादपूर परिसरातले गिर्यारोहक एनडीआरएफच्या आधी दरीत उतरले होते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दोरावर काम चालू राहिले. वाटाड्या हे उदाहरण आपले म्हणून सांगतो, कारण पहिले हात स्थानिक होते. प्रशिक्षकही ते आपलेच म्हणतो, कारण त्या हातांना आधीच दोर येत होता. दोघेही खरे बोलतात, आणि आंबोलीलाही नेमके तेच हवे आहे: घळी ओळखणारी माणसे, ज्यांना दोर बांधण्याचे शिक्षण पावसाळ्याआधी मिळालेले आहे.

पैशाचा विषय निघाला की वाटाड्या गप्प बसतो. दरीतून माणूस काढण्याचे पैसे घ्यायचे हे त्याला कमीपणाचे वाटते. ब्रिटनमधली डोंगरी बचाव पथकेही स्वयंसेवकांची आहेत आणि वाचवलेल्याकडून पैसे घेत नाहीत. मात्र तिथल्या पथकांकडे साधने असतात, नियमित सराव असतो, अपघाताचा विमा असतो. इथे अनेकदा दोर स्वतःच्या खिशातून येतो आणि घसरून पाय मोडला तर हंगामाची मजुरी स्वतःचीच बुडते. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेने २०१६ मध्ये ३० जिल्ह्यांत सुरुवात केली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरवले. त्यात बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा आहे. रचना चांगली आहे. पण पूर आणि आग यांसाठीचे सर्वसाधारण शिक्षण कावळेसादच्या कड्याला पुरत नाही. घाटमाथ्यासाठी दोरकामाचा वेगळा अभ्यासक्रम, दर मे महिन्यात सराव आणि ठरावीक वर्षांनी जुने दोर मोडीत काढण्याचा नियम हवा. फुकट मिळते म्हणून गावकऱ्यांच्या धाडसावर जिल्ह्याचे आपत्ती नियोजन उभे करणे अन्यायाचे आहे.

“आणि कठडा ओलांडणाऱ्यांकडून दंड घ्यावा का?” प्रशिक्षक विचारतो.

“दंड कठड्यापाशी घ्या, सर. दरीतून काढल्यावर नको. नाहीतर माणूस पडला तरी सोबतचे भीतीने फोन करणार नाहीत.”

या उत्तरावर प्रशिक्षकाकडे हरकत नाही. मदतीला बोलावण्याची भीती वाटली की गेलेला तास परत येत नाही. रस्त्यावरच्या अपघातांबाबत कायद्यानेही हेच ओळखले आहे: मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले. घाटात उलटलेल्या गाडीपाशी थांबायला आता कचरण्याचे कारण नाही.

पावसाळ्यात आंबोलीला येणाऱ्यांसाठी एवढे पुरेसे आहे: कठड्याच्या आत राहावे. डोळ्यांदेखत कोणी पडलेच तर स्वतः खाली उतरू नये. तो जिथून पडला त्या जागेवर एक माणूस उभा करावा आणि बाकीच्यांना तिथे तुडवू देऊ नये. ११२ वर फोन करून जागेचे नाव, वेळ आणि अंगावरच्या कपड्यांचा रंग सांगावा. कावळेसादला फोन लागला नाही तर एकाने लागेल तिथपर्यंत यावे. टीम आली की गाड्या मागे घ्याव्यात, गोंगाट बंद करावा आणि मोबाइलवर चित्रण थांबवावे, कारण धुक्यात त्यांना ऐकूनच शोधायचे असते.